दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचे मूळ चित्र

आईच्या माहेरच्या, म्हणजे गिरगावातल्या चाळीतल्या खोलीतून आमच्याकडे ठाण्याला आलेल्या सामानात एक फ्रेम होती. ती सुमारे पंचवीस वर्षे माळ्यावर पडून होती. गेल्या वर्षी मे महिन्यात घर रंगवायला काढले तेव्हा ती खाली आली. काच पुसल्यावर चित्र ओळखीचे वाटू लागले, कारण लहानपणी सुट्टीत आजोळी गेल्यावर मी त्याच्याच खाली झोपत असे. चाळीची गॅलरी, लाकडी कठड्यावर ओळीने मांडलेल्या पणत्या, स्टुलावर चढून आकाशकंदील टांगणारी नऊवारीतली तरुण स्त्री, तिच्या पायाशी फुलबाजी धरून बसलेला मुलगा आणि कोपऱ्यात मातीच्या किल्ल्याचा एक बुरूज, एवढे त्यात आहे. वरच्या चौथ्या हिश्श्यात मात्र नुसते निळे आभाळ आहे. लहानपणी मला ते आभाळ फुकट गेलेले वाटे. तिथे एखादे रॉकेट तरी हवे होते, असे माझे मत होते.

त्या मोकळ्या आभाळाचे कारण पुढे कळले. ती अंकाच्या नावासाठी सोडलेली जागा होती. चित्र भिंतीसाठी काढलेलेच नव्हते. ते दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी, म्हणजे कॅमेऱ्यापुढे लावण्यासाठी काढलेले होते आणि त्याचे ब्लॉक, म्हणजे छपाईचे कोरलेले पत्रे, तयार झाल्यावर त्याचे काम संपले होते. आजोबा गिरगावातल्या ब्लॉक बनवण्याच्या एका कारखान्यात एचिंगचे, म्हणजे पत्रा रसायनाने कोरण्याचे, काम करत असत. छापून झालेली मूळ चित्रे कोणी मागायला आले नाही तर तिथेच कपाटामागे पडून राहत आणि कधीतरी रद्दीत जात. त्यांतले हे एक चित्र त्यांनी घरी आणले, एवढीच हकीकत आईला ठाऊक होती.

पुढचे लिहिण्यापूर्वी माझी स्वतःची चूक सांगतो. चित्राचा वरचा उजवा कोपरा कधीतरी घर बदलताना फाटला होता आणि मामाने त्यावर समोरूनच सेलोटेप लावली होती. तिचा पिवळा पट्टा आभाळातून आडवा गेलेला दिसे. केस वाळवण्याच्या यंत्राने गरम केले की टेप सुटते, असे मी कुठेतरी ऐकले होते. टेप सुटली खरी, पण तिच्याबरोबर नखाएवढा निळ्या रंगाचा पोपडाही निघून आला आणि डिंकाचा चिकट तपकिरी थर जागच्या जागी राहिला. घाबरून मी तो पोपडा टेपेसकट एका रिकाम्या काडेपेटीत ठेवला आणि मगच कागदावरील चित्रांचे संवर्धन करणाऱ्या व्यक्तीची चौकशी सुरू केली. क्रम उलटा असायला हवा होता.

ज्या ताईंकडे अखेर चित्र नेले त्या माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. त्यांनी पहिली दहा मिनिटे चित्राला हातच लावला नाही. त्या काचेतून बघत राहिल्या, मग फ्रेम उलटी करून खिळे पाहिले आणि विचारले, “काका, हे प्लायवुडवर कोणी चिकटवलं?” ऐंशीच्या दशकात एका फ्रेमवाल्याने चित्र सरळ राहावे म्हणून ते पाठीमागून सरसाने प्लायवुडला चिकटवले होते आणि वर काच थेट रंगाला टेकवून बसवली होती. मधे जागा न सोडल्यामुळे मुंबईच्या चाळीस पावसाळ्यांतले दमट हवामान त्या दोहोंमध्ये साचत राहिले, आभाळावर बुरशीचे ठिपके उमटले आणि दोन ठिकाणी रंग काचेलाच चिकटला. काडेपेटी पुढे केली तेव्हा मला ओरडा बसेल अशी अपेक्षा होती, पण ताईंना आनंदच झाला. बहुतेक लोक असे तुकडे झाडून टाकतात, असे त्या म्हणाल्या.

तपासणीचा पहिला भाग रंगाचा होता. चित्राच्या कडेला, जिथे फ्रेमखाली झाकलेली पट्टी होती, तिथे त्यांनी जेमतेम ओला केलेला कापसाचा बोळा क्षणभर टेकवला. बोळा निळा झाला. याचा अर्थ चित्र अपारदर्शक जलरंगात, म्हणजे ज्याला आपण शाळेत पोस्टर कलर म्हणतो त्या जातीच्या रंगात होते. त्यात रंगाची पूड बाभळीच्या जातीच्या डिंकाने बांधलेली असते. डिंक पाण्यात विरघळतो. त्यामुळे जुना कागद धुऊन त्यातले आम्ल काढण्याचा नेहमीचा मार्ग इथे बंद होता. ज्यावर चित्र काढले होते तो पुठ्ठाही वरून पातळ चांगला कागद आणि आत लाकडाच्या लगद्याचे हलके थर अशा रचनेचा होता. तो लगदा वर्षानुवर्षे आम्ल सोडत तपकिरी आणि ठिसूळ होतो, म्हणून कोपरे बिस्किटासारखे तुटत होते. शिवाय कसर लागली होती. कसर रंगाला भुललेली नसते, ती डिंकासाठी येते आणि वरचा थर खरवडून नेते. स्त्रीच्या पदरावर तिच्या फिरण्याच्या वाटा स्पष्ट दिसत होत्या.

हे चित्र कोणाचे, हा प्रश्न माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होता, आणि उत्तर चित्रकार दीनानाथ दलाल असे यावे अशी इच्छाही होती. ती लपवण्यात अर्थ नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक 1909 मध्ये काढला, तेव्हापासून पुढच्या काळात मुखपृष्ठ हा दिवाळी अंकाचा दर्शनी दिवाणखाना होऊन बसला. आमच्या पिढीच्या आठवणीतले मुखपृष्ठ म्हणजे दलाल किंवा रघुवीर मुळगावकर. दोघेही मूळचे गोव्याचे आणि वयाने दोन वर्षांच्या अंतराचे. दलालांनी 1945 मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ अंकच सुरू केला. आमच्या चित्रावर सही नव्हती. खालची कडच कापलेली होती, त्यामुळे सही होती की नव्हती हेही सांगता येत नव्हते. ताईंनी भिंगाखाली चेहरा दाखवला. गालाच्या उजेडाकडून सावलीकडे जाताना ब्रशाच्या बारीक रेघा एकमेकींशेजारी ओढलेल्या होत्या. मुळगावकर ज्या एअरब्रशसाठी प्रसिद्ध होते त्याच्या फवाऱ्याला अशी कड उरत नाही, तेव्हा ते नाव पहिल्याच दिवशी गळाले. दलालांच्या बाबतीत मी आशा धरून होतो. ताई मात्र म्हणाल्या, की त्यांचे काम चित्र टिकवण्याचे आहे, त्याला बाप शोधून देण्याचे नाही.

जुलैमध्ये तिरप्या प्रकाशात फोटो काढले. खोलीत अंधार करून एका बाजूने, चित्राच्या पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाईल असा दिवा लावतात. त्यामुळे रंगाचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. आकाशकंदील टांगणाऱ्या स्त्रीच्या उजव्या हाताच्या वर, जिथे मी आजवर नुसते आभाळ पाहत आलो होतो, तिथे चार बोटांचे उंचवटे उठून आले. निळ्या रंगाखाली आणखी एक हात होता. मग त्याच जागेचा अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, प्रकाशातला फोटो घेतला. अल्ट्रामरिनसारखा निळा अवरक्त प्रकाशात जवळजवळ पारदर्शक होतो, पण पेन्सिलीचा कार्बन काळाच राहतो. पडद्यावर पेन्सिलीत काढलेला संपूर्ण पंजा, मनगट आणि तीन बांगड्या दिसल्या. मूळ आराखड्यात ती स्त्री आताच्या हातापेक्षा सुमारे दोन इंच उंच पोहोचत होती. नंतर कोणीतरी तो हात निळ्याने बुजवून खाली दुसरा, थोडा आखूड हात रंगवला होता. तो हात कोपरात जरा अवघडलेला आहे, हे मला लहानपणापासून जाणवत होते, पण शब्दांत सांगता येत नव्हते.

प्लायवुड काढणे हे या साऱ्यातले सर्वांत लांबलेले काम ठरले. चित्र ओढून सुटणारे नव्हते, म्हणून प्लायवुडच चित्रापासून काढायचे होते. त्यासाठी चित्र पालथे घालावे लागणार आणि सुटत असलेला रंग पालथा घालता येत नाही, म्हणून आधी रंग बसवावा लागला. त्या कामासाठी ताईंनी टेबलावर जे यंत्र आणून ठेवले ते पाहून मी हसलो. आईच्या दम्यासाठी आमच्या घरी आहे तेच नेब्युलायझर होते. त्यात औषधाऐवजी मिथाइल सेल्युलोज या सौम्य चिकट पदार्थाचे अतिशय पातळ द्रावण घातलेले होते आणि त्याची वाफेसारखी धूसर फवार उठलेल्या पोपड्यांवर सोडली जात होती. ब्रश टेकवला असता तर पोपडा ब्रशाबरोबर आला असता. थेंब पडला असता तर रंग पसरला असता. फवार आत झिरपते, पोपडा हळूच खाली बसतो, वाळतो, आणि मग पुन्हा फवार. काडेपेटीतला तुकडा याच रीतीने जागेवर गेला. त्याच्या मागचा सेलोटेपचा चिकट थर आधी क्रेप रबराच्या खोडरबराने गोळी-गोळी करून काढला होता. टेपेचा डाग मात्र कागदात उतरलेला आहे आणि तो तसाच राहिला आहे.

मग चित्र गुळगुळीत सिलिकॉन कागदावर पालथे ठेवून प्लायवुडचे पापुद्रे एकेक करून सोलण्यात आले. पहिले दोन थर पातळ छिन्नीने भराभर निघाले. शेवटचा थर आणि त्याखालचा सरस यांच्यापाशी गती इतकी कमी झाली, की दिवसभरात तळहाताएवढी जागा मोकळी होई. मला एक दिवस बसू दिले होते. स्काल्पेलचे पाते जवळजवळ आडवे धरायचे, कापायचे नाही, केवळ खालून उचलायचे. कान पात्याकडे ठेवायचे, कारण लाकडाचा आवाज खरखरीत असतो आणि पुठ्ठ्याचा मऊ. सरसाचा शेवटचा थर काढायला घट्ट मिथाइल सेल्युलोजचा लेप चौरस इंचभर जागेवर काही मिनिटे ठेवायचा, तो सरस मऊ करतो पण पाणी फार आत जाऊ देत नाही. मग पसरट पात्याने खरवडून ती जागा लगेच टिपकागदाने दाबायची. मी दीड तासात उठलो. मान आणि डोळे दोन्ही बोलू लागले होते.

तिसऱ्या आठवड्यात ताईंचा फोन आला, की पाठीवर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेले आहे, पण एक ओळ लागत नाही. मी गेलो. लिहिले होते, “दि. अं. ५४ मु. ४ कलर.” त्याखाली “८॥। × ११।” आणि आणखी खाली, वेगळ्या जाड शिसाने, “हात खाली घ्यावा.” ताईंना मधली ओळ लागत नव्हती, कारण त्यांनी शाळेत पाव आणि पाऊणच्या त्या उभ्या रेघा कधी शिकल्याच नव्हत्या. दिवाळी अंक 1954, मुखपृष्ठ, चार रंगांचे ब्लॉक, छापील आकार पावणेनऊ बाय सव्वाअकरा इंच. मूळ चित्र साधारण 13 बाय 17 इंचांचे, म्हणजे दीडपट. मूळ मोठे काढून कॅमेऱ्यात लहान करत, म्हणजे ब्रशाचे बारीकसारीक दोष आपोआप आटतात. हात खाली का घ्यायचा हेही आता उघड होते. वर उचललेली बोटे अंकाच्या नावात घुसत होती. आईला फोटो दाखवला. “हे बाबांचं अक्षर नाही,” ती एका नजरेत म्हणाली. “बाबांचा ‘ल’ असा नव्हता.” म्हणजे सूचना संपादकाची किंवा प्रकाशकाची असावी. दुसरा हात चित्रकाराने स्वतः रंगवला की कारखान्यातल्या टच-अप करणाऱ्याने, हे कळायला मार्ग नाही. कोपराच्या अवघडलेपणावरून माझा संशय दुसऱ्या शक्यतेकडे झुकतो.

साल मिळाल्यामुळे छापील अंक शोधता आला. एका जुन्या ग्रंथालयातल्या त्या सालच्या दिवाळी अंकांच्या बांधीव खंडांत, दुसऱ्या दिवशी दुपारी, तो सापडला. अंक नावाजलेला नव्हता. मुखपृष्ठाच्या श्रेयाच्या जागी व्यक्तीचे नाव नव्हते, एका आर्ट स्टुडिओचे होते, आणि तो स्टुडिओ दलालांचा नव्हता. थोडे वाईट वाटले हे खरे. पण छापील पान भिंगाखाली धरल्यावर ती गोष्ट तासभर तरी मनातून गेली, कारण तिथे आजोबांचे काम होते.

ते काम कसे चाले हे आईकडून तुकड्या-तुकड्यांनी ऐकले होते, त्याची संगती आता लागली. मूळ चित्राचा फोटो वेगवेगळ्या रंगांच्या काचांतून पुन्हा पुन्हा घेतला जाई. जांभळट निळ्या काचेतून घेतलेल्या फोटोपासून पिवळ्या शाईचा ब्लॉक होई, हिरव्या काचेतून लाल शाईचा, तांबड्या काचेतून निळ्या शाईचा, आणि काळ्याचा वेगळा. मधे बारीक जाळीची काच असे. तिच्यामुळे गडद-फिक्या छटांचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर होई. आर्ट पेपरवर छापायचे असेल तर एका इंचात 133 किंवा 150 ओळी. चारही जाळ्या वेगवेगळ्या कोनांत फिरवल्या नाहीत तर ठिपक्यांचा भलताच नक्षीदार घोळ दिसतो. मग ते तांब्याच्या पत्र्यावर उतरवून फेरिक क्लोराइडमध्ये कोरायचे, आणि हेच आजोबांचे क्षेत्र. जिथे ठिपका बारीक हवा तिथे द्रावणाला अधिक वेळ द्यायचा, जिथे टिकवायचा तिथे वॉर्निशने झाकायचे. हे एकाच पत्र्यावर टप्प्याटप्प्याने, नजरेच्या अंदाजाने चाले. त्यांची बोटे कायम पिवळट तपकिरी असत. आम्हा मुलांना तो विड्यांचा डाग वाटे. ते विडी कधीच ओढत नसत.

छापील मुखपृष्ठात बुजवलेल्या हाताचा मागमूसही नाही. आभाळ सपाट, मखमली आहे. मूळ चित्रात त्या जागी निळ्याची छटा किंचित वेगळी आहे. कॅमेऱ्याला ती दिसलीच असणार, आणि कोणीतरी ती पत्र्यावर समतोल करून टाकली. तो कोणीतरी आजोबाच, असे सिद्ध करणे शक्य नाही. छपाईत मात्र लाल शाई केसभर सरकली आहे, त्यामुळे आकाशकंदिलाच्या डाव्या कडेला एक तांबडी रेघ निघाली आहे. मशीनवाल्यावर आजोबा त्या संध्याकाळी काय बोलले असतील, याची कल्पना आईने अभिनयासह करून दाखवली.

पाठ मोकळी झाल्यावर तिला आधार म्हणून जपानी कागदाचा पातळ थर लावायचा होता. तो गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावतात. खळ शिजवताना मी सहज म्हणालो, की आमच्याकडे बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत, म्हणजे किडे लागत नाहीत. ताईंनी पळी खाली ठेवली. मोरचुदातले तांबे कागदाची झीज वेगाने घडवून आणते, त्यामुळे कीड टळते आणि कागद जातो, असे त्यांनी समजावले. आम्ही घरी पोथ्यांना तशीच खळ लावली आहे, हे मी त्यांना सांगितले नाही.

शेवटचा वाद मुलाच्या चेहऱ्याचा झाला. चित्राच्या खालच्या भागात, विशेषतः त्या मुलाच्या डोळ्यांवर, रंग एकाच दिशेने आडवा फासला गेला होता, उजवा डोळा जवळजवळ नाहीसा होता. हे बुरशीचे किंवा कसरीचे काम नाही, कोणीतरी ओल्या फडक्याने पुसले आहे, असे ताईंचे म्हणणे होते. मी घरी तसे बोललो. आई काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, की काच बसवण्यापूर्वी चित्र नुसते चुका मारून भिंतीवर होते आणि दरवर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी भिंती, फडताळ आणि चित्र पुसण्याचे काम तिच्याकडे असे. तिचा हात जेवढा पोहोचे तेवढेच ती पुसत असे. लग्न होईपर्यंत, म्हणजे सात-आठ दिवाळ्या, तिने ते केले होते.

आता तिला तो डोळा परत हवा होता. छापील मुखपृष्ठ हाताशी आहे, त्यावरून काढता येईल, असा तिचा साधा युक्तिवाद होता आणि मला तो पटला होता. ताईंनी नकार दिला. कसरीने खाल्लेल्या जागी, जिथे कागद उघडा पडला होता, तिथे त्यांनी आधी मिथाइल सेल्युलोजचा अलग करणारा थर देऊन त्यावर पुसून काढता येईल अशा जलरंगात आजूबाजूच्या छटेशी जुळणारे भरण केले. डोळ्याच्या जागी मात्र मूळ रंग अजून आहे, फक्त पसरलेला आहे. त्यावर नवा डोळा काढणे म्हणजे मूळ झाकणे, आणि ठिपक्यांतून छापलेला, चार पत्र्यांवर सुधारलेला डोळा हा मूळ चित्रातला डोळा नव्हेच. ‘हात खाली घ्यावा’ या सूचनेनंतर झालेला बदल ठेवायचा आणि फडक्याने झालेला बदलही ठेवायचा, यात मला सुरुवातीला हट्ट वाटला. आता तो तितकासा वाटत नाही, पण आईपुढे मला ते मांडता आले नाही.

चित्र ऑक्टोबरच्या अखेरीस घरी आले. सुती लगद्याच्या आम्लरहित माउंटमध्ये, काच आणि रंग यांच्यात अंतर ठेवून ते बसवले आहे. काच खरी आहे, अॅक्रिलिक नव्हे. अॅक्रिलिकवर साचणारी स्थिर वीज अशा भुसभुशीत रंगाचे कण ओढून घेते. पाठीला पारदर्शक पॉलिएस्टरची खिडकी आहे, तिच्यातून पेन्सिलीच्या तिन्ही ओळी वाचता येतात. एकूण खर्च, बाजारात या चित्राचे जे काही मिळेल, त्याच्या कितीतरी पुढे गेला. बाहेरच्या भिंतीवर लावायचे नाही, उजेड 50 लक्सच्या, म्हणजे अगदी मंद उजेडाच्या, वर जाऊ द्यायचा नाही, अशा सूचना आहेत. त्या पाळायच्या तर आमच्या घरात झोपायच्या खोल्यांमधल्या बोळाखेरीज जागा नाही, म्हणून ते तिथे लावले आहे.

आईची तक्रार अशी, की तिथे काहीच दिसत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती बॅटरी घेऊन बोळात गेली, मुलाच्या चेहऱ्यावर उजेड टाकून थोडा वेळ उभी राहिली आणि परत येऊन मला म्हणाली, “त्या पोरीला म्हणावं, एवढं सगळं केलंस, तर एक टिंब द्यायला काय जात होतं?”